निरोपाची पाच मिनिटे

माझ्या सर्वांत जुन्या मैत्रिणीचे नाव ‘प’ने सुरू होते, आणि ‘प’ हे अक्षर मला लहानपणापासून नीट उच्चारता येत नाही. ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात, श्वास आतल्या आत अडतो, आणि समोरचा माणूस दयेने म्हणा किंवा घाईने म्हणा, तो शब्द माझ्याऐवजी स्वतःच पुरा करून टाकतो. त्यामुळे गेल्या ३४ वर्षांत मी तिला नावाने हाक मारलेली नाही. मी तिला ‘अगं’ म्हणते, ‘ए’ म्हणते, तिने फोन उचलला की थेट विषयालाच हात घालते. तिने याचे कारण मला कधी विचारले नाही.

ती यंदा कुटुंबासह कायमची परदेशी जायला निघाली. निघण्याच्या आठवडाभर आधी निरोपाचा एक छोटा कार्यक्रम करायचे तिच्या घरच्यांनी आणि कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी मिळून ठरवले, आणि कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी तिच्या धाकट्या भावाचा मला फोन आला. “ताई, शाळेपासूनची तू एकटीच आहेस. पाच मिनिटं बोलशील का?” मी विचार करण्याआधीच हो म्हणून बसले. त्या होकारापासून प्रत्यक्ष कार्यक्रमापर्यंतचे तीन आठवडे मी एकच काम केले: पाच मिनिटांचा मजकूर लिहिला, खोडला, आणि पुन्हा लिहिला.

पहिला मसुदा एका बैठकीत झाला. तो वाचताना कुठेच अडखळायला झाले नाही, म्हणून मला तो चांगला वाटला. दुसऱ्या दिवशी शांतपणे पाहिला, तेव्हा न अडखळण्याचे कारण लक्षात आले. जे अडखळत बोलतात त्यांना जन्मभर एक सवय लागलेली असते: अवघड शब्द येणार असे दिसले की दोन शब्द आधीच वाट बदलायची आणि जिभेला सोपा जाणारा दुसरा शब्द घ्यायचा. ऐकणाऱ्याला हे कळतही नाही. मी लिहितानाही तेच केले होते. ‘मनमिळाऊ’, ‘सालस’, ‘हुशार’, ‘सदैव हसतमुख’ असे माझ्या जिभेवरून घरंगळणारे सगळे शब्द तिथे ओळीने बसले होते, आणि त्यांतला एकही तिचा नव्हता. ती हसतमुख मुळीच नाही. ती गंभीर आहे, हट्टी आहे, आणि पटले नाही तर तोंडावर सांगते. तो कागद मी फाडला. पहिला नियम तिथे ठरला, की शब्द सोपा आहे म्हणून घ्यायचा नाही, खरा आहे म्हणूनच घ्यायचा.

मग आठवणींकडे वळले. आम्ही तिसरीपासून दहावीपर्यंत, म्हणजे आठ वर्षे, एका बाकावर बसलो. मैत्री जमायला किती वेळ लागतो यावर कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी केलेले एक संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यात साध्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास, खरी मैत्री व्हायला ९० तास आणि जिवाभावाची मैत्री व्हायला २०० हून अधिक तासांचा सहवास लागतो असा अंदाज मांडलेला आहे. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. दिवसाचे पाच तास धरले तर २०० तास म्हणजे शाळेचे अवघे ४० दिवस होतात. पहिली सहामाही परीक्षा येईपर्यंत आमचे ते भरून झाले असणार. वर्षाचे २०० दिवस धरले तर आठ वर्षांचे होतात ८००० तास. एवढा सलग वेळ मी पुढे कोणत्याही माणसाच्या शेजारी बसून घालवलेला नाही. तरीही हा आकडा मी भाषणात घेतला नाही. त्यातले कोणते तास सांगायचे, हा खरा प्रश्न होता.

जे तास मला आधी आठवले, ते प्रकट वाचनाचे होते. भाषेच्या तासाला बाई ओळीने एकेकाला उभे करून उतारा वाचायला लावत. माझी पाळी येण्याआधी चार मुली असल्या की माझे तळहात ओले व्हायचे. आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार हे मी मोजून ठेवायची आणि त्यातल्या ‘प’ आणि ‘क’ वर नजर खिळवून बसायची. तिसरीच्या वर्षी आम्हा दोघींत एकच पुस्तक होते. माझी पाळी आली की पुस्तक धरण्याच्या निमित्ताने तीही अर्धवट उठायची, उजव्या हाताची तर्जनी ओळीखाली ठेवायची आणि माझ्याबरोबर, माझ्याच श्वासावर, अगदी हलक्या आवाजात वाचू लागायची. ते बोट मला आजही लख्ख दिसते. नखाच्या कडेला शाई लागलेली असे, आणि ते अक्षराअक्षराला न थांबता सावकाश, एकसारखे, डावीकडून उजवीकडे सरकत जाई. मी त्या बोटाकडे पाहत वाचायची, आणि मी अडखळत नसे. वर्षभर बाईंच्या हे ध्यानात आले नाही. पुढच्या वर्षी आले, तेव्हा दुसऱ्याच्या पाळीत तोंड हलवते म्हणून तिला तासभर उभे केले गेले. तिने कारण सांगितले नाही. पुढच्या तासाला ती पुन्हा माझ्याबरोबर वाचायला लागली, फक्त आवाज आणखी खाली नेला.

वीस-बावीस वर्षांची असताना मी वाचा-उपचार तज्ज्ञांकडे जाऊ लागले, तेव्हा या गोष्टीचा उलगडा झाला. प्रौढांपैकी सुमारे १ टक्का माणसे अडखळत बोलतात. लहान मुलांत हे प्रमाण बरेच जास्त असते, पण त्यांतल्या बहुतेकांचे अडखळणे वाढत्या वयात आपोआप जाते. माझ्यासारख्या उरलेल्यांनासुद्धा दुसऱ्या माणसाबरोबर एका वेळी तेच शब्द वाचायला दिले की अडखळणे जवळजवळ थांबते. हा परिणाम तज्ज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सोबतीचा आवाज थांबला की मात्र अडखळणे परत येते, म्हणून याला उपचार म्हणता येत नाही. आठ वर्षांच्या मुलीने हे कुठे शिकलेले असण्याचा प्रश्नच नव्हता. तिने ते आपले आपण शोधून काढले, असे मी इतकी वर्षे मानत आले होते आणि दुसरा मसुदा मी त्यावरच उभा केला.

तो मला इतका आवडला की मी लगेच सराव सुरू केला. दार लावून एकटीने वाचला, तर एकदाही थांबले नाही. पण त्यात काही अर्थ नव्हता, कारण ऐकणारे कोणी नसले की अडखळणारी बहुतेक माणसे सरळ बोलतात. ऐकणारा असला तरच तो सराव. म्हणून मी तिच्या भावालाच बोलावले. त्याने शांतपणे सगळे ऐकून घेतले, माझ्या दोन-तीन अडथळ्यांत तो मध्ये बोलला नाही, आणि शेवटी थोडा घुटमळत म्हणाला, “ताई, छान आहे. पण हे सगळं तुझ्याबद्दल आहे. यात दीदी कुठेय?”

मला त्या क्षणी राग आला. तो गेल्यावर मी तो मजकूर पुन्हा वाचला आणि त्याचे म्हणणे शब्दन् शब्द खरे असल्याचे दिसले. मी माझी भीती लिहिली होती, माझे तळहात लिहिले होते, माझा ‘प’ लिहिला होता. ती त्यात फक्त एक बोट होती. मदतीला आलेली, चांगली, आणि स्वतःचे काहीही नसलेली. कृतज्ञतेने लिहिताना असे होते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. आपण ज्याचे आभार मानतो, तो माणूस आपल्या गोष्टीतला एक उपकार होऊन बसतो.

त्या रात्री मी तिला फोन केला. भाषणाबद्दल तिला आधी काही सांगायचे नाही असे मी ठरवले होते, पण तो निश्चय मोडला याचे मला आज समाधान वाटते. मी विचारले, “अगं, तिसरीत तू माझ्याबरोबर वाचायचीस, ते कसं सुचलं तुला?”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मी तुझ्यासाठी नव्हते वाचत. तुझ्याबरोबर वाचलं की माझा आवाज कुणाला वेगळा ऐकू यायचा नाही.”

मला समजेना. तेव्हा तिने मला आमच्या पहिल्या दिवसाची आठवण दिली, जो मी पूर्ण विसरले होते. ती तिसरीत दुसऱ्या भागातून आमच्या शाळेत आली. तिच्या घरच्या बोलीत ‘ण’ नव्हता, ‘न’ होता. पहिल्याच तासाला तिने उभे राहून विचारले होते, “बाई, पानी पिऊन येऊ?” आणि सगळा वर्ग हसला होता. त्यानंतर कित्येक महिने मधल्या सुट्टीत मुले तिच्याभोवती जमून ‘पानी, पानी’ करत. स्वतःची पाळी आली की ती घसा बसल्याची सबब सांगून वाचन टाळायची. मोठ्याने वाचण्याची तिची हौस फिटायची ती फक्त माझ्या आवाजाच्या आड.

“आणि हसणाऱ्यांत तू पण होतीस,” ती म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. मला आठवावे म्हणून ती ते सांगत होती.

मला ते आजही आठवत नाही. पण ती सांगते त्याअर्थी मी हसले असणारच. स्वतः रोज त त प प करणारी मुलगी दुसऱ्या कोणावर तरी वर्ग हसतो आहे या सुटकेने सर्वांत आधी हसली असेल, हे मला न आठवताही कळते. मी फोनवर तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “तिसरीत होतो आपण.” मग तिने मला दुसरीही एक दुरुस्ती सुचवली. तिला उभे केले गेले ते चौथीत नव्हे, तिसरीतच, दुसऱ्या सत्रात. तो तास भाषेचा नव्हता, इतिहासाचा होता.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. गेलेल्या माणसांवर लिहिलेले गौरवलेख मी पुष्कळ वाचले आहेत, आणि त्यांत काय चुकले आहे हे सांगायला ते माणूस तिथे नसते. मी जिच्यावर लिहीत होते ती एका फोनच्या अंतरावर होती आणि माझ्या लाडक्या आठवणीत मला माझी जागा दाखवू शकत होती. निरोपाआधी लिहिण्याची एवढी मोठी सवलत मी जवळजवळ वाया घालवली असती. दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा फोन करून विचारले, “हे सगळ्यांसमोर सांगितलं तर चालेल?” तिने होकार दिला, पण एक अट घातली. वर्गातल्या इतर कोणाचे नाव घ्यायचे नाही, बाईंचेही नाही.

तिसरा मसुदा लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला. आता त्यात दोन मुली होत्या, एका पुस्तकावर वाकलेल्या, आणि दोघी एकमेकींच्या आवाजात लपलेल्या. एवढे सांगून मग मी तिच्या हट्टाकडे आले. नववीत वर्गात नवी मुलगी आली, तिचे उच्चार ऐकून मागच्या बाकांवर खसखस पिकली, तेव्हा माझी मैत्रीण उठून सरळ तिच्या शेजारी जाऊन बसली आणि पुढचा महिनाभर तिथेच बसली. मी त्या महिन्यात बाकावर एकटी होते आणि तिच्यावर फार रुसले होते. तिने असे का केले, हे कोडे मला आता, या वयात, त्या फोननंतर सुटले. दहावीच्या वर्षी तिच्या वडिलांचे मोठे आजारपण झाले. त्यावर मी एक वाक्य लिहिले आणि खोडले, कारण ते तिचे आहे, सभेत सांगण्याचे नाही.

मजकूर ९०० शब्दांचा झाला होता. माझ्या गतीने, अडथळे धरून, पाच मिनिटांत फार तर ४५० शब्द बसतात. निम्मे काढून टाकले. विशेषणे तर गेलीच, पण दोन लाडके प्रसंगही गेले. काढलेला भाग फेकला नाही, तो तिला हाताने लिहून पत्रात द्यायचे ठरवले.

इथे माझा धीर एकदा सुटला. इतके सांगणे तिला अवघड तर होणार नाही ना, माझे शब्द पुरे पडतील ना, या विचाराने एक अख्खा दिवस गेला. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी २०१८ साली कृतज्ञतेची पत्रे लिहिणाऱ्यांवर केलेला अभ्यास मी त्या दिवशी वाचला. पत्र वाचणाऱ्याला किती आनंद होईल आणि किती आश्चर्य वाटेल, याचा लिहिणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला, आणि त्याला किती अवघडल्यासारखे होईल याचा अंदाज जास्त निघाला. लिहिणारे आपल्या शब्दांच्या निवडीची चिंता करत होते, तर वाचणाऱ्यांना त्यातली माया पोचत होती. या वाचनाने माझी भीती गेली असे नाही, पण पत्र लिहायला त्याच संध्याकाळी बसले.

शेवटचा आठवडा सरावाचा होता. एकच मजकूर पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचला की अडखळणे पहिल्या काही वाचनांतच बरेच उतरते, आणि मध्ये खंड पडला की परत चढते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून सराव कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपर्यंत सुरू ठेवला, आणि प्रत्येक वेळी घरातले कोणीतरी समोर बसवले. तज्ज्ञांकडून शिकलेली आणखी एक गोष्ट मी पाळली: सुरुवातीलाच सांगून टाकायचे. ‘मी अडखळत बोलते, मध्ये थांबले तर जरा वाट पाहा’ एवढे एक वाक्य बोलले की लपवण्याचे ओझे उतरते, आणि ऐकणारेही सैल होतात.

नाव मात्र सरावात एकदाही नीट आले नाही. भाषणात ते एकदाच होते, शेवटच्या वाक्यात. घरच्यांनी सुचवले की तिथे ‘माझी मैत्रीण’ म्हण. मी नाही म्हणाले. वाट बदलून बोलायचे नाही हे मी पहिला कागद फाडतानाच ठरवले होते, आणि या एका शब्दासाठी तो नियम मोडायचा तर बाकीचा खटाटोप कशासाठी केला?

कार्यक्रमाला साठेक माणसे होती. ती पहिल्या रांगेत कडेला बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. मी सुरुवातीचे वाक्य बोलले आणि सभागृह शांत झाले. ‘पाणी’ या शब्दावर थांबले, पण निघाले. वर्ग हसला आणि मीही हसले होते, हे सांगताना माझा आवाज कापला, तेव्हा तिने मान खाली घातली. नववीचा प्रसंग सांगितला, तेव्हा तिच्या कार्यालयातल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिले. त्यांनाही कधीतरी तिने असेच जवळ केले असावे, असे मला त्या नजरांवरून वाटले.

मग शेवटचे वाक्य आले आणि माझे ओठ मिटले. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. सगळ्या सभागृहाला तो शब्द ठाऊक होता. तो सभागृहाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता, आणि कोणीही तो माझ्याऐवजी म्हणू शकले असते. मी तिच्याकडे पाहिले. तिचे ओठ हलले नव्हते. ती मला शब्द पुरवत नव्हती, मानेने खुणावतही नव्हती, ती फक्त वाट पाहत होती. मांडीवरच्या पिशवीवर तिची उजवी तर्जनी होती आणि ती अगदी सावकाश, न थांबता, डावीकडून उजवीकडे सरकत होती. मी त्या बोटाकडे पाहत राहिले. श्वास सुटला, आणि ३४ वर्षांत पहिल्यांदा मी तिचे नाव सगळ्यांच्या देखत पूर्ण उच्चारले.

भाषणानंतर तिने मला मिठी मारली नाही, ती तिची रीत नाही. माझ्या हातातला कागद घेतला, चार घड्या केल्या आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला. पत्राचे पाकीट मी तिथेच तिला दिले.

ती निघाली त्या पहाटे मी तिच्या घरी गेले. सामान गाडीत चढले होते, घर रिकामे झाले होते आणि बोललेला प्रत्येक शब्द भिंतींवर आपटून परत येत होता. मोठेपणी तिने आपले उच्चार घासूनपुसून घेतले आहेत. कामाच्या ठिकाणी, परक्या माणसांत, इतकेच काय माझ्याशी बोलतानासुद्धा ती ‘ण’ सावधपणे म्हणते. दोघींना फारसे काही सुचत नव्हते. तेव्हा तिने तो कागद काढला, उलगडून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघींनी उभ्या उभ्या, एका श्वासावर, हलक्या आवाजात पहिला परिच्छेद वाचला. तिसऱ्या ओळीत तो शब्द आला. माझा ‘प’ कुठेही न अडता निघाला, आणि माझ्या आवाजाला लागून ती म्हणाली, ‘पानी’.